सहा महिने मुलांकडे जाताय? परदेशातल्या बँक खात्याची तयारी नाशिकमधूनच करून निघा

मार्च संपत आला की आमच्या जेलरोडच्या सोसायटीत दोन-तीन घरांची आवराआवर सुरू होते. मुलाकडे, मुलीकडे, सहा महिन्यांसाठी. कुंड्यांना पाणी कोण घालणार, भाजणी किती न्यायची, रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम मिळतील का, यावर महिनाभर खल होतो. पैशांचं मात्र एका वाक्यात आटोपतं: "तो आहे ना तिकडे, बघेल."

मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची काही परकीय चलनाच्या टेबलावर. निवृत्तीनंतर स्वतः मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आले. तिथे माझ्या नावाचं खातं उघडलं, वापरलं आणि बंद करताना एक चूक केली, ती पुढे सांगते. तेव्हापासून सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना या कामात मदत केली. दर वेळी तेच दिसतं. खातं तिकडच्या शाखेत तास-दीड तासात उघडतं. अडतं ते इथल्या कागदांवर, आणि परत आल्यावर भरायच्या आयकर विवरणपत्रावर. म्हणून हा लेख नाशिकपासून सुरू होतो आणि नाशिकलाच संपतो.

खातं हवंच का, ते आधी ठरवा

दोन महिन्यांत परत येणार असाल तर खात्याच्या भानगडीत पडू नका. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड, पुरतं. रोख नोटा एका फेरीला जास्तीत जास्त ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकीचे कार्डावर भरून घ्या. दुबई, सिंगापूर, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथल्या काही दुकानांत तर आपलं यूपीआयसुद्धा चालतं.

मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असेल, पुढच्या वर्षी परत जायचं नक्की असेल, किंवा तिकडे दर महिन्याला काही ना काही ठरावीक भरायचं असेल, तर खात्याचा उपयोग होतो. आणखी एक कारण आहे, जे लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. आयुष्यभर स्वतःच्या पगारातून किंवा घरखर्चातून वाचवून व्यवहार केलेल्या बाईला साठीनंतर मुलाकडे वीस डॉलर मागायला जड जातं. मुलगा चांगला असतो, सूनही चांगली असते, तरी जड जातं. नातवाला खाऊ घ्यायला आपल्या पर्समधून आपलं कार्ड काढता आलं पाहिजे, ही इच्छा अगदी रास्त आहे. मी त्याचसाठी खातं उघडलं.

खातं मात्र खर्चासाठी आहे, कमाईसाठी नाही. अमेरिकेचा बी-२ हा भेटीचा व्हिसा आहे, त्यावर काम करता येत नाही. तिथल्या मराठी घरांतून पुरणपोळ्यांच्या, मोदकांच्या ऑर्डरी येतात, शेजारची मुलगी "काकू, बाळाला चार तास सांभाळाल का, पैसे देते" म्हणते. मदत म्हणून करा, पण ते पैसे खात्यात घेऊ नका. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दर आठवड्याला येणारी रक्कम म्हणजे तुमच्याविरुद्धचा लेखी पुरावा. तसंच "आमचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवून द्या" असं कोणी म्हटलं, अगदी भाचा म्हणाला तरी, नाही म्हणा.

कायद्याने कुठला रस्ता तुमचा

परदेशात खातं उघडणं हा गुन्हा आहे, असं समजणारे अजून भेटतात. तसं नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९चा, आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेने २०१५ साली परकीय चलन खात्यांचे नियम केले. त्यात सरळ म्हटलंय की भारतात राहणारी व्यक्ती परदेशी भेटीवर असेल तर तिथल्या मुक्कामाच्या काळात तिथल्या बँकेत खातं उघडू शकते, चालवू शकते. अट एकच: परत आल्यावर शिल्लक भारतात आणायची.

दुसरा रस्ता उदारीकृत प्रेषण योजनेचा, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात. ती २००४मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यातून परदेशी बँकेत खातंही ठेवता येतं. पण ऑगस्ट २०२२पासून यालाही लगाम आहे. पाठवलेले पैसे खर्च झाले नाहीत, कुठे गुंतवलेही नाहीत, तर १८० दिवसांत परत आणायचे. म्हणजे "राहू दे पाच हजार डॉलर तिकडेच, पुढच्या वर्षी लागतील" हा विचार दोन्ही रस्त्यांवर अडकतो.

माझा सल्ला असा: मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी खातं भेटीपुरतंच समजावं. लागेल तेवढंच पाठवावं, निघताना रिकामं करून बंद करावं. पुढच्या वर्षी पुन्हा उघडायला तासभर लागतो. वर्षभर ते सांभाळण्याचा आणि विवरणपत्रात दाखवण्याचा त्रास त्याहून बराच मोठा आहे.

आणि एक गैरसमज. सहा महिने बाहेर राहिलं म्हणून कोणी एनआरआय होत नाही. भेटीला गेलेला माणूस फेमाच्या लेखी भारतातलाच रहिवासी. म्हणून इथली खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करून घेण्याच्या मागे लागू नका.

निघण्याआधी महिनाभर: नाव, पत्ता, बँक

सगळ्यात जास्त वेळ नावाला द्या. आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर मधलं नाव कधी पहिल्या नावाला चिकटून "गिव्हन नेम"मध्ये जातं, कधी गायबच होतं. पॅनवर तीनही भाग, बँकेच्या पासबुकात फक्त इनिशियल, आधारवर लग्नाआधीचं आडनाव. इथे हे सगळं चालून जातं, कारण काउंटरवरचा माणूस तुम्हाला ओळखतो. तिकडचं खातं मात्र पासपोर्टवरच्या नावाने उघडतं आणि इथून पाठवलेले पैसे पासबुकातल्या नावाने निघतात. दोन नावं जुळली नाहीत की पैसे मध्येच थांबतात आणि खुलासे मागवले जातात. माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे पैसे याच कारणाने तीन आठवडे अडकले होते. पाठवणाऱ्याच्या नावात नवऱ्याचं नाव होतं, खातेदाराच्या नावात नव्हतं, एवढंच. पासपोर्ट समोर ठेवून पॅन, आधार आणि पासबुक एका ओळीत मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर बँकेतलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, ते सगळ्यात लवकर होतं.

नाशिककरांची याहून एक वेगळी अडचण आहे, गावाच्या नावाची. जुन्या कागदांवर इंग्रजीत "नासिक", नव्यांवर "नाशिक". एक एच कुठे असतो, कुठे नसतो. इथे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण परदेशी बँकेची संगणकप्रणाली त्याला दोन वेगळी गावं समजू शकते. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा.

पत्त्याचंही तसंच. आपला पत्ता म्हणजे रो-हाऊस नंबर, सर्व्हे नंबर, अमुक मंगल कार्यालयाच्या मागे, तमुक हॉस्पिटलसमोर. परदेशी फॉर्ममध्ये दोन ओळी असतात आणि अक्षरं मोजकी. घर क्रमांक, इमारत, रस्ता, नाशिक, पिनकोड असा आटोपशीर पत्ता इंग्रजीत एका कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. पुढे प्रत्येक फॉर्मवर तोच, तसाच.

पासपोर्ट अर्थातच मुदतीतला हवा. ती पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. आमच्या बसथांब्यावर प्रेसचे कामगार रोज उभे असायचे, म्हणून मला त्या पुस्तिकेबद्दल जरा जास्त आपलेपणा आहे.

आता बँक. परदेशी पैसे पाठवायचं काम परकीय चलनाचा पहिल्या श्रेणीचा परवाना असलेली बँकच करते. राष्ट्रीयीकृत आणि मोठ्या खासगी बँकांकडे तो असतो. नाशिकमध्ये अनेक निवृत्त मंडळींची जन्माची पुंजी नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते. पतसंस्थेकडे तो परवाना नसतोच, आणि बहुतेक नागरी सहकारी बँकांकडेही नसतो. मग आधी पैसे मोठ्या बँकेतल्या खात्यात वळवावे लागतात. इथे एक कलम लक्षात ठेवा: परदेशी खात्यात पैसे पाठवण्यासाठी तुमचं त्या बँकेतलं खातं किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. नवं असेल तर बँक जुन्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट मागते, ते नसेल तर आयकर विवरणपत्र किंवा आयकर निर्धारणेच्या (असेसमेंटच्या) आदेशाची प्रत. एप्रिलमध्ये जायचं आणि मार्चमध्ये नवं खातं उघडलं, तर हे कागद हाताशी ठेवूनच शाखेत जा. कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड, नाशिकरोड कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा: "परकीय चलनाचं काम याच शाखेत होतं की दुसऱ्या शाखेकडे पाठवता?" सगळ्या शाखांना ते सवयीचं नसतं, आणि सवय नसलेला कर्मचारी तुम्हाला चार फेऱ्या मारायला लावतो.

बँकेकडून दोन कागद इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागून घ्या: सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि "हे आमचे इतक्या वर्षांपासूनचे खातेदार आहेत" असं पत्र. पेन्शन असेल तर पेन्शनची स्लिपही. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर जाऊन सगळ्यावर नोटरीचे शिक्के मारून आणणारे मी पाहिलेत. माझ्या अनुभवात भेटीच्या खात्याला ते कोणी विचारलं नाही, बँकेचा मूळ शिक्का पुरला.

मोबाइलचं विसरू नका. इथल्या बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरवर येणार. ते सिम रोमिंगसह चालू ठेवा आणि निघण्याआधी पुरेशा दिवसांचा रिचार्ज मारा. नेटबँकिंगमध्ये परदेशी पाठवणीची सोय शाखेकडून इथेच सुरू करून घ्या, तिकडून ते बहुधा जमत नाही.

तिकडच्या शाखेत

अमेरिकेचं सविस्तर सांगते, कारण ते मी केलंय. सोशल सिक्युरिटी नंबर (तिथल्या रहिवाशांना सरकार देतं तो ओळख क्रमांक) नसेल तर वेबसाइटवरून बहुधा खातं उघडत नाही, शाखेत स्वतः जावं लागतं. तो नंबर नाही म्हणून शाखेनेही परत पाठवलं तर खचू नका. तिथल्या ओळख पडताळणीच्या नियमांत परदेशी माणसाला पासपोर्ट क्रमांक आणि तो देणाऱ्या देशाचं नाव चालतं. भेटीवरच्या माणसाचं खातं उघडायचं की नाही हे मात्र प्रत्येक बँक स्वतः ठरवते, आणि एकाच बँकेच्या दोन शाखा दोन उत्तरं देतात. आधी फोन करून "व्हिजिटर व्हिसावरच्या आईचं खातं उघडता का" असं मुलाला विचारायला सांगा आणि वेळ घेऊन जा. जिथे भारतीय वस्ती दाट आहे तिथल्या शाखांना याची सवय असते.

सोबत पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत, नाशिकचे ते दोन कागद, आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा. हा शेवटचा पुरावाच खरी अडचण. घर मुलाच्या नावावर, वीजबिल सुनेच्या नावावर, तुमच्या नावाचं काहीच नाही. काही शाखा मुलाचं पत्र आणि त्याचं बिल चालवून घेतात, काही घेत नाहीत. मी प्रवासी आरोग्य विमा घेताना संपर्काचा पत्ता म्हणून मुलाचं घर दिलं होतं. पॉलिसीवर माझं नाव आणि तो पत्ता छापून आला, आणि माझ्या शाखेला तेवढं पुरलं.

टेबलापलीकडची मुलगी प्रश्न विचारते. किती दिवस राहणार, खातं कशासाठी, पैसे कुठून येणार, महिन्याला साधारण किती. घाबरू नका, मुलाला उत्तरं देऊ देऊ नका. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. "पेन्शनमधून घरखर्चासाठी, महिन्याला हजार डॉलरपर्यंत" एवढं स्वच्छ उत्तर पुरे. मी सांगितलेली रक्कम तिने माझ्यासमोर लिहून घेतली. पुढे त्याच्या दसपट रक्कम आली तर बँक प्रश्न विचारणार, हे त्यावरून समजून घ्या.

मग येतो डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म. एका पानाचा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. मी अमेरिकेची रहिवासी नाही, असं त्यात तुम्ही लिहून देता. त्यामुळे बचतीवरच्या व्याजावर तिकडे कर लागत नाही. यात कायमचा पत्ता म्हणून नाशिकचाच पत्ता हवा, आणि पत्रव्यवहाराचा म्हणून मुलाचा. माझ्या फॉर्मवर दोन्ही ठिकाणी मुलाचा पत्ता टाइप झाला होता. सही करण्याआधी वाचला म्हणून लक्षात आलं. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन लिहा. डब्ल्यू-९ नावाचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका, तो तिथल्या करदात्यांचा आहे.

खातं "चेकिंग" घ्या, ते रोजच्या वापराचं. किमान शिल्लक किती, ती उतरली तर महिन्याला किती कापणार, हे कागदावर लिहून मागा. ओव्हरड्राफ्टला होकार देऊ नका, नाहीतर शिल्लक संपल्यावरही कार्ड चालत राहतं आणि वर दंड बसतो. बँक एफडीआयसीची सभासद आहे का ते बघा, म्हणजे २,५०,००० डॉलरपर्यंत ठेवीला विमा असतो. आपल्याकडे ५ लाख रुपयांपर्यंत असतो तसाच. तो विमा खातेदाराचं नागरिकत्व विचारत नाही. तिकडचा मोबाइल नंबर खात्याला जोडावा लागतो. तो मुलाच्या फॅमिली प्लॅनमधला पण तुमच्या हातातल्या फोनवरचा असू द्या.

दुबईकडचं थोडक्यात. एमिरेट्स आयडी (तिथल्या रहिवाशांचं ओळखपत्र) नसलेल्याला काही बँका फक्त बचत खातं देतात, चेकबुक देत नाहीत, आणि किमान शिल्लक चांगलीच मोठी मागतात. लेकीकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी कार्डावर भागवावं. इंग्लंडमध्ये पत्त्याच्या पुराव्यावरच घोडं अडतं. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांचं "श्पेरकोंटो" हे ब्लॉक्ड खातं निराळं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि ते व्हिसासाठी असतं. आई-वडिलांचा त्याच्याशी संबंध पैसे पाठवण्यापुरताच.

इथून पैसे पाठवताना

बँकेत ए-२ फॉर्म (परकीय चलन पाठवण्याचा अर्ज) आणि एलआरएसचं घोषणापत्र भरायचं. पॅन लागतंच. कारणाच्या जागी बरेच जण "फॅमिली मेंटेनन्स" असं टिक करतात, कारण ते ओळखीचं वाटतं. ते नातेवाइकाच्या चरितार्थासाठी आहे. स्वतःच्या परदेशी खात्यात पाठवताना कोड एस००२३, परदेशी बँकेत परकीय चलन खातं उघडण्यासाठीचा. चालू वर्षात आधी कुठल्याही बँकेतून काही पाठवलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा, मर्यादा पॅनवर मोजली जाते.

नवरा-बायकोंनी इथे जपून पाऊल टाकावं. खातं फक्त बायकोच्या नावावर असेल तर नवऱ्याची मर्यादा त्यात जोडता येत नाही. खात्यात दोघांची नावं असतील तरच जोडता येते. आणि असे पैसे पाठवायला बँक कर्ज देऊ शकत नाही, एफडीवर उचल घेऊनही नाही.

अमेरिकेत आयबॅन, म्हणजे युरोपसारखा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो. तिथे खाते क्रमांक, ९ अंकी राउटिंग नंबर आणि बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. राउटिंग नंबर वायरसाठी (बँकेतून बँकेत थेट पाठवणीसाठी) वेगळा असू शकतो, तो शाखेतून लिहून घ्या. चार्जेससमोर "अवर", "शेअर", "बेन" असे पर्याय दिसतील. "अवर" म्हणजे सगळा खर्च तुमच्याकडून, पण समोर पूर्ण रक्कम पोचते. छोट्या रकमेला मधल्या बँकेची कपात टोचते, म्हणून तिथे "अवर" घ्या. खरा खर्च मात्र दरात लपलेला असतो. फलकावरचा कार्ड रेट आहे तसा स्वीकारू नका. रक्कम जरा मोठी असेल तर अधिकाऱ्याला "ट्रेझरीतून (बँकेच्या चलन विभागाकडून) चांगला दर मागून देता का" असं विचारा. मी त्या टेबलावर बसले आहे, विचारणाऱ्याला मिळतो.

टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराची, धास्ती बऱ्याच जणांना असते. वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंत काही नाही. त्यावरच्या रकमेवर या कारणासाठी २० टक्के. १२ लाख पाठवले तर वरच्या २ लाखांवर ४०,००० रुपये कापले जातात. ते बुडत नाहीत, २६-एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कापलेल्या कराच्या तक्त्यात) दिसतात आणि विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात. पण सहा महिन्यांच्या खर्चाला १० लाख ओलांडायची वेळच येऊ नये.

पहिल्यांदा शंभर-दोनशे डॉलरच पाठवून बघा. खर्च दोनदा होतो, पण झोप लागते.

मुलाच्या खात्यात नाव घालू नका

"वेगळं कशाला उघडतेस आई, माझ्याच खात्यात तुझं नाव घालतो." मायेने म्हणतात. नको म्हणा. त्या खात्यात त्याचा पगार येतो, घराचा हप्ता जातो. तुमचं नाव आलं की ते खातं तुमच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, वर्षातल्या सर्वोच्च शिल्लकीसह. नाशिकला पेन्शनवर राहणाऱ्या बाईच्या नावापुढे लाखभर डॉलर दिसले की नोटीस आल्याशिवाय राहत नाही, आणि मग ते पैसे मुलाचे आहेत हे सिद्ध करण्यात वर्ष जातं. उलटही तितकंच खरं. तिकडचा करदाता असलेल्या मुलाचं नाव तुमच्या इथल्या खात्यांवर आणि एफडीवर असेल, तर त्याच्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरवर गेल्यावर त्याला ती तिकडच्या सरकारला कळवावी लागतात. हे त्याला विचारून घ्या. अनेक मुलांना आईच्या एफडीवर आपलं नाव आहे हेच आठवत नसतं.

दरवर्षी जाणाऱ्यांसाठी आणखी एक गणित. अमेरिकेत तीन वर्षांचे दिवस मोजतात: चालू वर्षाचे पूर्ण, गेल्या वर्षाचे एक-तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात ३१ दिवस तरी राहिलात, तर कराच्या बाबतीत तुम्ही तिथले रहिवासी धरले जाऊ शकता. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०, सुटलात. दरवर्षी १८० दिवस राहिलात तर २७०. अशांसाठी ८८४० नावाचा फॉर्म आहे. चालू वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहून, घरदार-संबंध भारतात आहेत असं त्यात दाखवता येतं. पण तो मुदतीत भरावा लागतो. डब्ल्यू-८बेनवर सही करताना हे डोक्यात असू द्या.

परतताना, आणि परतल्यावर

माझी चूक इथली. मी निघायच्या गडबडीत खातं तसंच ठेवून आले आणि नाशिकहून पत्र पाठवून बंद केलं. बँकेने उरलेल्या चारशे-काही डॉलरचा चेक टपालाने घरी पाठवला. डॉलरमधला चेक. माझ्या जुन्या बँकेने तो वसुलीला घ्यायला नकार दिला. दुसऱ्या बँकेने घेतला, दोन महिन्यांनी पैसे जमा झाले आणि दोन्हीकडच्या खर्चात मोठा तुकडा गेला. त्यात तिकडचा मोबाइल नंबर बंद झालेला, ओटीपी येईना, म्हणून ऑनलाइन लॉगिनही होईना आणि जुनी स्टेटमेंट मिळेनात.

म्हणून विमानाच्या दहा दिवस आधी शाखेत जा. शिल्लक वायरने स्वतःच्या नाशिकच्या खात्यात पाठवा. पैसे इथे पोचल्याची खात्री झाल्यावर खातं बंद करा आणि बंद केल्याचं पत्र हातात घ्या. खातं उघडल्यापासूनची सगळी स्टेटमेंट डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर टाका. इथल्या बँकेकडून पैसे आल्याची सूचना, म्हणजे इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस, मागून घ्या. पैसे परत आणल्याचा तोच पुरावा.

आता विवरणपत्र. पेन्शनवाले सगळे आयटीआर-१ भरतात. त्या वर्षात परदेशी खातं असेल तर ते चालत नाही, बहुतेकांना आयटीआर-२ भरावं लागतं. गृहिणी असाल, उत्पन्न करपात्र नसेल, आजवर कधी विवरणपत्र भरलं नसेल, तरीही परदेशी खातं असलं की भरावंच लागतं. आमच्या सोसायटीत हे तीन जणींना ठाऊक नव्हतं. त्यात "शेड्यूल एफए" नावाचा तक्ता असतो: बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वोच्च शिल्लक, अखेरची शिल्लक, व्याज. डॉलरचे रुपये स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने (बँक परकीय चलन विकत घेते त्या दराने) करायचे. खातं त्याच वर्षात बंद झालं, शिल्लक शून्य आहे, तरी दाखवायचं. व्याज दोन डॉलर असलं तरी ते उत्पन्नातही धरायचं. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी सूट इथल्या बँकांपुरती आहे, ती याला लागू नाही.

न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून, स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. दाखवायचं बंधन मात्र आहेच. आणि लपून काही राहत नाही. अमेरिकेबरोबर खात्यांची माहिती कळवण्याचा करार ९ जुलै २०१५ला झाला, इतर बऱ्याच देशांशी २०१७पासून माहितीची देवाणघेवाण चालते. आयकर खात्याने नोव्हेंबर २०२४मध्ये परदेशी खाती असलेल्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवले, तेव्हा माझ्याकडे घाबरलेले दोन फोन आले होते. दोघांचे पैसे स्वच्छ होते, फक्त चुकीचा फॉर्म भरला होता. सुधारित विवरणपत्र भरून दोघंही मोकळे झाले.

सीएकडे जाताना एक गोष्ट स्वतः तपासा, कारण तिथे चांगले सीएसुद्धा गडबडतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण शेड्यूल एफए चालतं जानेवारी ते डिसेंबर. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातलं खातं येतं. म्हणजे नोव्हेंबर २०२५मध्ये उघडून एप्रिल २०२६मध्ये बंद केलेलं खातं दोन विवरणपत्रांत दाखवायचं: पहिल्यात ३१ डिसेंबर २०२५ची शिल्लक, दुसऱ्यात शून्य शिल्लक आणि त्या चार महिन्यांतली सर्वोच्च रक्कम. त्यासाठीच डिसेंबरचं स्टेटमेंट वेगळं काढून, नाव देऊन ठेवा.